तक्त्यातला सुप्याचा रकाना

लासुर्ण्याच्या माणसाला माळ दाखवू नये. त्याला तो रिकामाच दिसतो.

माझे वडील, म्हणजे आमचे तात्या, लासुर्ण्याचे. सगळा जन्म उसात गेला. ज्या जमिनीत पाय रुतत नाही ती जमीनच नव्हे, असा त्यांचा हिशेब. आई मात्र सुप्याकडची. तिच्या वडिलांनी वाटणीत सात एकर माळ तिच्या नावावर केला होता. खाली मुरूम, वर बोटभर माती, तिच्यावर गवत आणि गवतावर वारा. तात्या त्या तुकड्याला ‘सासऱ्यानं दिलेलं आभाळ’ म्हणत, कारण आभाळाशिवाय तिथं काहीच नाही असं त्यांना वाटे. चारचौघांत ते हा विनोद करत आणि आई पदर सारखा करून आत निघून जाई.

तिची एकच इच्छा होती आणि ती तिनं आम्हा दोन्ही पोरांना लहानपणापासून ऐकवली होती. “माझ्या जिमिनीत, माझ्या झाडाखाली बसून एकदा डबा खायचा हाय.” बास, एवढंच. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, तिचे गुडघे गेले, जमिनीवर बसली की उठवायला दोन माणसं लागायला लागली, तरी माळावर झाड काही उभं राहिलं नाही.

मग एका माघात मुरूमवाला आला. जवळपास रस्त्याचं काम निघालं होतं, त्याला भरावासाठी मुरूम हवा होता. त्यानं माळ पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. तात्यांचेही चमकले. मुरूम निघाला की मोठा खड्डा होईल, खड्ड्यात पावसाचं पाणी साठेल, पाण्यात मासे सोडू, असं त्यांनी जेवताना एका दमात रंगवून सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “माळच उचलून न्हेल्यावर माझं काय ऱ्हाईल तितं? सातबारा?”

सही तिचीच लागणार होती. पण पन्नास वर्षांत तात्यांनी पुढं केलेल्या कागदावर तिनं कधी ‘न्हाय’ म्हटलेलं नव्हतं. हे तात्यांना ठाऊक होतं, मलाही होतं, आणि सगळ्यांत जास्त आईला.

मी मध्ये पडले. मी बारामतीत राहते, एका सल्लागाराच्या कचेरीत कामांची अंदाजपत्रकं बनवते. रस्ता असो की शाळेची भिंत, किती घनमीटर, किती मजूर, कुठलं यंत्र, हे मांडल्याशिवाय मला ती गोष्ट खरी वाटत नाही. स्वभावानं मी भांडकुदळ आहे, हे माझ्या सासरी विचारा. मी तात्यांना म्हटलं, माळावर झाडं येतात की नाही ते मी दाखवते. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. “ह्यो उन्हाळा धरून तिसरा. तिसऱ्या उन्हाळ्याच्या सरतीला एका मानसाला पुरंल एवढी सावली दाव. न्हाय दिसली, तर मुरूमवाल्याला व्हय म्हनायचं. तुझ्या आईनं सही करायची, आन् तू गप बसायचं.”

आईनं माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली, त्यावरून मी काय ते समजले.

माझा धाकटा भाऊ फिनलंडमध्ये असतो. तिथल्या जंगलात लाकूडतोडीची जी अवाढव्य यंत्रं चालतात, त्यांच्या दुरुस्तीचं काम तो करतो. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, तुमच्याकडं झाडं कशी लावतात आणि किती खर्च येतो, सगळं सांग. त्या रविवारी दुपारी त्यानं व्हिडिओ कॉल केला. आई, तात्या आणि मी फोन पाण्याच्या लोटक्याला टेकवून बसलो.

तो जंगलातच उभा होता. मागं आठ चाकांचं एक धूड होतं. त्याचा लांब हात पुढं गेला, त्यानं ताडमाड सरळ झाडाचं बूड पकडलं, आणि आम्ही श्वास घेईपर्यंत ते झाड आडवं झालं. मग त्याच हातातून ते सर्रकन पुढं-मागं सरकलं. फांद्या उडाल्या, खोडाचे एकसारखे तुकडे पडले, जाड वेगळे, बारीक वेगळे. आत काचेच्या खोलीत बसलेला माणूस एका हातानं कॉफी पीत होता. तात्या आ वासून बघत होते. कारखान्याच्या हंगामात टोळ्या कोयत्यानं ऊस तोडताना त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या, अलीकडं ऊसतोडीचं यंत्रही पाहिलं होतं, पण हे प्रकरण निराळंच होतं. ते हळूच म्हणाले, “ह्याची किंमत काय रं?” भावानं सांगितली. तात्या बराच वेळ बोटांवर काहीतरी करत राहिले. शेवटी म्हणाले, “म्हंजी आपल्या गावातले समदे ट्रॅक्टर इकले तरी ह्याचं अर्धं यायचं न्हाय.”

आईनं वेगळंच विचारलं. “झाड पडताना पाखरं कुठं जात्यात?”

भावानं मान वर करून शेंड्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, “आई, ते मी कधी बघितलं नाही.” त्याचा चेहरा उतरला होता, आणि मला त्याची दया आली.

पण मला खरं वेड लावलं ते त्या धूडानं नव्हे. भावानं गेल्या उन्हाळ्यात काढलेला तिथल्या लागवडीचा व्हिडिओ दाखवला. एक बाई चालत होती. कमरेला रोपांची टोपली, हातात छातीएवढी उंच नळी. नळीचं टोक जमिनीत खुपसायची, पायानं कळ दाबायची, टोक आत उघडायचं. वरून रोप सोडायची, ते घरंगळत मातीत जाऊन उभं राहायचं. नळी उचलायची, टाचेनं माती दाबायची, पुढं. ती कुठंही वाकली नाही. आई डोळे फोनला लावून बघत होती. उसाच्या कांड्या लावण्यात आणि खुरपण्यात तिची कंबर गेली होती. ती म्हणाली, “वाकायचंच न्हाय? मग ह्या बाया दमत्यात कुठं?”

तात्यांना दुसरीच शंका होती. “पानी कोन घालतं?”

“कोणीच नाही तात्या. पाऊस पडतो, बर्फ वितळतं. रोप लावलं की माणूस निघून जातो.”

“आन् उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यातही नाही.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगं परदेशात जाऊन खोटं बोलायला शिकलं, असा तो भाव होता. मला मात्र अंगावर काटा आला. हजारो एकर जंगल, आणि पाण्याचा रकानाच कोरा! मी उभ्या आयुष्यात असं अंदाजपत्रक पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी तक्ता करायला घेतला. मोठ्या कागदावर आडवे रकाने, एकेका देशाचा एक. फिनलंडच्या रकान्यात रोपासाठी मातीचे उंचवटे करणारं यंत्र, ती नळी आणि मजुरी. कॅनडाच्या रकान्यात फक्त एक फावडं आणि कमरेच्या दोन पिशव्या. तिथं पोरं-पोरी उन्हाळ्यात डोंगरावर जातात आणि दर रोपामागं पैसे मिळतात म्हणून पळत पळत झाडं लावतात, असं भावाच्या एका मित्रानं सांगितलं. ब्राझीलच्या रकान्यात निलगिरीची मैलोगणती लागवड, आणि एकाच फेरीत जमीन फाडून रोप बसवणारं यंत्र. कुठं यंत्राचा खर्च मोठा, कुठं माणसाचा. मी शोधत गेले आणि थक्क होत गेले. जगाच्या पाठीवर झाड लावायच्या इतक्या तऱ्हा असतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटचा रकाना सुप्याचा होता. त्यात मी लिहिलं: खड्डा, रोप, खत, कुंपण आणि टँकर. बेरीज केली तेव्हा कळलं, आमच्या रकान्यात झाड स्वस्त होतं, माणूस स्वस्त होता, आणि पाणी सोन्याच्या भावाचं होतं. तिकडं नेमकं उलटं.

तात्यांनी तो तक्ता कारखान्याच्या कॅलेंडरशेजारी भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतः वाचून दाखवत. मुरूमवाला आला तेव्हा त्यालाही दाखवला.

मी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तशी नळी बनवून घेतली. भावाकडून मापं मागवली, चांगला लोखंडी पाइप वापरला. माळावर गेले, ऐटीत खुपसली. टण्ण असा आवाज आला आणि माझे दोन्ही खांदे हलले. दुसऱ्यांदा अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा टोक चोच वाकल्यासारखं मुडपलं. तात्या पोट धरून हसले. फिनलंडची भुसभुशीत माती आणि आमचा मुरूम यांच्यात मी तक्त्यात फरकच धरला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मग मी दुसरं यंत्र शोधलं. डाळजला एक जण ट्रॅक्टरला जोडायचं खड्ड्याचं मशीन भाड्यानं देत असे. लांब लोखंडी मळसूत्र गरगर फिरत जमिनीत उतरतं आणि खड्डा तयार. लोक ते कुंपणाचे खांब रोवायला वापरत. म्हटलं, खांब उभा राहतो तर झाड का नाही?

मशीन येण्याआधी ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी जागेची आखणी करायला गेले, तर माळाच्या एका कोपऱ्यात मेंढ्या बसल्या होत्या. आईच्या माहेराचा हा जुना रिवाज होता. दिवाळीनंतर कोकणाकडं गेलेले मेंढपाळ पावसाच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात त्यांच्या मेंढ्या रात्री बसवून घेतात, लेंडीखत मिळतं म्हणून, आणि बदल्यात धान्य देतात. पण ते पिकाच्या रानात. बिनपिकाच्या माळावर मेंढ्या बसवून वर दोन पायल्या जोंधळे देणारी पंचक्रोशीत एकटी माझी आई. तिचे वडील देत म्हणून तीही देत आली. तात्या म्हणत, “दगडाला खत घालती तुझी आई.”

मेंढपाळ आईच्याच वयाचा होता, तिला आक्का म्हणायचा. लांडग्यांच्या भीतीनं त्यानं मेंढ्यांच्या वाड्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्यांचं गोल कुंपण रचलं होतं. मी त्याला म्हटलं, आम्ही इथं चारशे झाडं लावणार आहोत. तो माळाकडं बघत म्हणाला, “चारशे? नगा बाई. लई गर्दी व्हईल. ह्यो माळ रिकामा न्हाय, गवताचा हाय. हितं हरणं येत्यात.” हरणांसाठी राखलेलं अभयारण्य तिथून जवळच होतं, चिंकारा येतात हे मलाही माहीत होतं. पण अंदाजपत्रक झालेलं होतं, आणि अंदाजपत्रक झाल्यावर मी कुणाचं ऐकत नाही. जाताना आई त्याला म्हणाली, “दादा, काटं काढू नगा. ऱ्हाऊ द्या तसंच.” का, ते मी विचारलं नाही. ट्रॅक्टर त्या काट्यांमधून जाणार नव्हता, म्हणून मी नकाशात त्या कोपऱ्यावर फुली मारली आणि तेवढा भाग सोडून दिला.

आषाढात मशीन आलं. दोन दिवसांत चारशे खड्डे, सुतात आखलेल्या ओळी. अगदी बघत राहावं असं काम. आईनं काठी टेकत येऊन एका खड्ड्यात डोकावलं. “लई गुळगुळीत झालाय गं. परातीगत.” म्हटलं, आई, मशीनचं काम आहे, गुळगुळीतच असणार. “आमचं आबा पहारीनं खनायचं,” ती आपल्या वडिलांबद्दल म्हणाली, “कडा मोडलेली असायची.” मी हसले. ते हसणं आठवलं की आजही लाज वाटते.

कडुनिंब, करंज, चिंच लावली, आणि तिथून पुढं तात्यांनी आईच्या माहेरी मुक्काम ठोकून ताबा घेतला. माझा अंदाज होता की ते नुसती गंमत बघतील, पण हिरवं पान दिसलं आणि त्यांच्यातला ऊसवाला जागा झाला. त्यांनी ठिबकच्या नळ्या अंथरल्या, उंच ओट्यावर टाकी बसवली, टँकर लावला. रोज पाणी. एक दिवसही खाडा नाही. मी म्हटलं, तात्या, आठवड्याला एकदा पुरेल. ते चिडले. “लेकराला आठवड्याला एकदा दूध पाजतीस व्हय?” आणि झाडं खरंच तरारली. लागवडीनंतरचा पहिला उन्हाळा निघाला तेव्हा कडुनिंब छातीला लागले होते. लोक बघायला येऊ लागले. तात्या आता त्याला सासऱ्यानं दिलेलं आभाळ म्हणत नव्हते, ‘आमचं फारेष्ट’ म्हणत होते. मी फोटो काढून भावाला पाठवले. तो म्हणाला, “ताई, इथं असं दोन वर्षांत होत नाही.” मी हवेत होते. मेंढपाळ पुन्हा आला, आईनं त्याला जुना वाडा सोडून पलीकडं मेंढ्या बसवायला लावलं, दोन पायल्या मोजून दिल्या. आम्ही कुणी तिकडं वळून बघितलं नाही. आमचं लक्ष ओळींवर होतं.

ठरलेला तिसरा उन्हाळा कडक निघाला. चैत्रातच आसपासच्या गावांचं पिण्याचं पाणी आटलं, आणि सगळे टँकर तिकडं लागले. ते रास्तच होतं, माणसाच्या घशापुढं झाडाचं काय! फक्त पंधरा दिवस पाणी चुकलं. तेवढ्यात चारशे झाडांची पानं तपकिरी झाली, गळाली, आणि परत टँकर मिळाला तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. तात्या रोज संध्याकाळी जाऊन एकेका खोडाला नख लावून आत हिरवं आहे का बघत. सापडलं नाही.

मुदत संपली. ज्येष्ठाच्या एका सकाळी आम्ही ठिबकच्या नळ्या गोळा करायला माळावर गेलो. आई हट्टानं आली, नेहमीसारखा डबा घेऊन. सोबत दोन मजूर होते. मुरूमवाला अकराला कागद घेऊन येणार होता. पाऊस अजून पडलेला नव्हता.

मी एका मेलेल्या कडुनिंबाला धरलं. जोर लावायला पाय रोवले, पण त्याची गरजच पडली नाही. दोन बोटांनी तो सबंध वर आला. मुळं खड्ड्याच्या आतल्या कडेनं गोल गोल फिरली होती, एकमेकांत गुंतली होती, आणि त्यांचा बरोबर खड्ड्याच्याच आकाराचा गोळा झाला होता. एकही मूळ बाहेर पडलेलं नव्हतं. मशीननं भिंती इतक्या घोटून गुळगुळीत केल्या होत्या की मुळांना शिरायला फट नव्हती. आणि रोज तोंडाशी पाणी येत होतं, मग त्यांनी फट शोधावी तरी कशाला? दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सगळीकडं तेच. आम्ही माळावर चारशे कुंड्या केल्या होत्या.

तात्या त्या मुळांकडं बघत म्हणाले, “मी रोज पानी दिलं की गं.” त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, “तात्या, खड्डे मी काढले.” त्या क्षणी मला माझ्या तक्त्याची, माझ्या रकान्यांची आणि आईच्या परातीला हसलेल्या माझ्या तोंडाची भयंकर लाज वाटली. आईचा माळ आता जाणार होता आणि तो मी घालवला होता.

तेवढ्यात आईनं हाक मारली. ती आमच्यात नव्हतीच. काठी टेकत ती त्या फुली मारलेल्या कोपऱ्याकडं गेली होती.

वाळलेल्या बोरीच्या फांद्या अजून गोल पडलेल्या होत्या, आणि त्यांच्या आत बाभळी होत्या. आधी मला कळेचना मी काय बघते आहे. गुडघ्याएवढ्या, मांडीएवढ्या, एखादी कमरेला लागलेली. बारीक बारीक पानं, पांढरे लांब काटे. त्या रखरखीत ज्येष्ठात, जिथं गवतही जळून गेलं होतं, तिथं त्या हिरव्यागार उभ्या होत्या. मी मोजायला लागले. चाळीसपर्यंत गेले आणि मोजणं सोडून दिलं. मी मोजणं अर्ध्यात सोडलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. पलीकडं गेल्या वर्षीच्या वाड्यात वीतभर उंचीची दुसरी पिढी उभी होती.

“येताना कालव्याकडंच्या बाभळीच्या शेंगा खात्यात मेंढ्या,” आई म्हणाली, जसं काही हे सगळ्यांना ठाऊकच असतं. “लेंडीत बी पडतंय. पोटातनं आल्यालं बी लवकर फुटतं, आबा म्हनायचं. काटं ऱ्हायलं तर शेरडं खात न्हाईत.”

“मग आई, आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी कागद करत हुता,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिनं नुसतं सांगितलं.

मी एका बाभळीला हात घातला. मांडीएवढीच होती. ओढली. ती हललीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी ओढली, तळहातात काटा गेला, रक्त आलं, बाभूळ जागच्या जागी. मग मजुरांनी पहार घेतली आणि तिच्या कडेनं अरुंद चर खणायला सुरुवात केली. मूळ सरळ खाली गेलं होतं. हातभर खणलं, मूळ पुढं. कमरेएवढं खणलं, मूळ पुढं, मुरमाच्या एका चिरेत शिरलेलं, दोरीसारखं बारीक झालेलं, तरी खाली चाललेलं. माझा टेप संपला नव्हता, पण माझी मती संपली होती. वर मांडीएवढं झाड आणि खाली एक उभा माणूस बुडेल एवढं मूळ. कुणी आखणी केली नव्हती, कुणी खड्डा घेतला नव्हता. एका मेंढीनं चालता चालता जे केलं त्यापुढं भावाचं आठ चाकांचं धूड मला पोरखेळ वाटायला लागलं. माझे डोळे भरून आले, आणि ते दुःखानं नव्हे.

तात्या स्वतः चरात उतरले. मुळाशेजारची माती त्यांनी चिमटीत घेतली, चोळली, नाकाशी नेली. उसाच्या माणसाला ओल फसवत नाही. “हितं वल हाय,” ते म्हणाले. मग डोकं वर करून, दोन वर्षांपूर्वी फोनसमोर विचारला होता तोच प्रश्न त्यांनी आईला विचारला. “पानी कुनी घातलं?”

“कुनीच न्हाय,” आई म्हणाली.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरच्या तक्त्यातला सुप्याचा रकाना खोडून नव्यानं लिहिला. यंत्र: मेंढ्या. कुंपण: बोरीचे काटे. पाणी: नाही. मजुरी: दोन पायल्या जोंधळे. भावाला फोटो पाठवला तेव्हा त्यानं लगेच फोन केला. म्हणाला, “ताई, पाण्याचा रकाना आपलाही कोराच की गं.” पण ते संध्याकाळी. आधी अकरा वाजायचे होते.

मुरूमवाला आला तेव्हा तात्या अजून चरातच होते. त्याला वाटलं काम सुरू झालं. लांबूनच ओरडला, “तात्या, आत्तापास्नंच खनाय लागला व्हय?” कुणी हसलं नाही. तात्या वर आले, धोतर झटकलं. त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. ते मनातून हलले होते, पण दिलेला शब्द हा त्यांच्या लेखी शब्द होता, स्वतःच्या विरुद्ध गेला तरी. बाभळींकडं बघत ते खालच्या आवाजात म्हणाले, “झाडं हायती, न्हाय कशाला म्हनू. पर एका मानसाची सावली ठरली हुती. ह्यांच्याखाली कोन बसंल? कोंबडी?”

अट मीच कबूल केली होती.

आईनं काठी माझ्या हातात दिली. मग सगळ्यात मोठ्या बाभळीजवळ, कमरेला लागणाऱ्या त्या एकटीजवळ, ती खाली बसायला लागली. मी “आई, गुडघे!” म्हणेपर्यंत ती बसलीसुद्धा. ऊन डोक्यावर होतं. झाडाची सावली बुंध्याभोवती पडली होती, ताटाएवढी, तीही ठिपक्याठिपक्यांची. त्यात माणूस मावणार नव्हता. आईनं काटे चुकवत उजवा हात त्या सावलीत ठेवला, पंजा उघडा, तळवा जमिनीला लावून.

“ह्या हाताला सावली हाय,” ती म्हणाली. “सही ह्योच करनार हुता. त्यो आता उठत न्हाय.”

मुरूमवाल्यानं कागद काढला होता, तो त्याच्या हातात फडफडत राहिला. तात्या आईकडं बघत होते. पन्नास वर्षांत न ऐकलेली गोष्ट ऐकल्यावर माणूस जसा बघेल तसे. मग त्यांनी मुरूमवाल्याकडं न बघताच हातानं ‘जा’ अशी खूण केली, आणि वाकून डब्याचं फडकं सोडायला घेतलं. गाठ त्यांना सुटत नव्हती. शेवटी दातानं सोडली. भाकरी, पिठलं, कांदा. त्यांनी एक तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि आईच्या डाव्या हातात दिला, कारण उजवा ती सावलीतून काढत नव्हती.

तिला उठवायला दोन माणसं लागतात. तात्या आणि मी, दोघंही तिथंच होतो. पण तिनं सांगेपर्यंत आम्ही कुणी तिला उठवलं नाही.